सी भाषेतील मूलभूत आधारसामग्री-प्रकार

सी ही संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्याकरिता अमेरिकेतील बेल टेलिफोन लॅबोरेटरीज या संस्थेत १९६९ ते १९७३ या काळात घडत गेलेली एक लहान भाषा होय. आज्ञावलीत ज्या मूल्यांवर क्रिया करावयाच्या, त्यांचे जे वर्ग भाषेने आरंभापासूनच गृहीत धरलेले असतात, त्यांना त्या भाषेतील मूलभूत आधारसामग्री-प्रकार म्हणतात. सीमध्ये असे प्रकार थोडेच आहेत : वर्ण, पूर्णांक आणि कमीअधिक अचूकतेच्या अपूर्णांक संख्या. यांच्यापासून अ‍ॅरे, दर्शक व संरचना हे साधित प्रकार बनविता येतात. हे प्रकार गणिती तर्कशास्त्राच्या आधारे योजलेले नसून, एका विशिष्ट यंत्राच्या रचनेमुळे निर्माण झालेल्या अडचणींतून एकेक करून आले. त्यांचे बळ व त्यांतील उणिवा या दोहोंचे मूळ या इतिहासात आहे.

संगणकाच्या स्मृतीत ० आणि १ या दोन अंकांच्या रांगांखेरीज दुसरे काही नसते. प्रत्येक अंकस्थानाला बिट, आठ बिटांच्या गटाला सामान्यतः बाइट आणि यंत्र एका वेळी ज्या गटावर क्रिया करते त्या गटाला शब्द असे म्हणतात. सोळा बिटांच्या एखाद्या शब्दात १६,७०६ ही संख्या साठविलेली आहे असे मानल्यास, त्याच शब्दाचे दोन बाइट वेगवेगळे वाचले असता ६५ व ६६ या संख्या मिळतात आणि अमेरिकेतील प्रमाण वर्णसंकेतानुसार त्या रोमन लिपीतील पहिली दोन मोठी अक्षरे दर्शवितात. सोळाही बिट १ असतील, तर ते मूल्य ६५,५३५ समजावे की उणे १, हे त्या बिटांकडे पाहून सांगता येत नाही. अर्थ बिटांत नसतो. तो वाचणाऱ्याने लावावयाचा असतो. तो कोणी लावावयाचा, आज्ञावली लिहिणाऱ्याने की भाषेने, या प्रश्नाला निरनिराळ्या भाषांनी दिलेली उत्तरे म्हणजेच आधारसामग्री-प्रकारांचा इतिहास होय.

पूर्वपीठिका : इंग्लंडमधील केंब्रिज व लंडन या विद्यापीठांतील संगणकतज्ञांनी १९६३ च्या सुमारास सीपीएल नावाची एक विस्तृत भाषा आखली. क्रिस्टोफर स्ट्रेची (१९१६–७५) हे तिच्या शिल्पकारांपैकी प्रमुख होत. तिच्यात प्रकारांची समृद्ध व्यवस्था होती. परंतु भाषेचा व्याप इतका वाढला की, ती पूर्णत्वाने कधीच प्रचारात आली नाही. केंब्रिज येथील मार्टिन रिचर्ड्‌स यांनी १९६६ मध्ये तिचे एक अत्यंत लहान रूप तयार केले व पुढील वर्षी मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत असताना त्याचा संकलक, म्हणजे त्या भाषेतील आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणारी आज्ञावली, लिहिला. बीसीपीएल या नावाने ही भाषा ओळखली जाते.

बीसीपीएलमध्ये मूल्याचा प्रकार एकच : यंत्राचा शब्द. पूर्णांक, वर्ण, सत्यमूल्य, स्मृतीतील कोठ्याचा पत्ता या सर्वांना ही भाषा एकाच मापाच्या पेटीत ठेवते आणि त्या पेटीत काय आहे हे जाणून घेत नाही. बेरजेचे चिन्ह आले की ती मूल्ये पूर्णांक समजली जातात, पत्त्यावरून मूल्य काढण्याचे चिन्ह आले की तेच मूल्य पत्ता ठरते. अर्थ असा चलाशी निगडित नसून क्रियाचिन्हाशी निगडित आहे. स्मृती ही एकसारख्या कोठ्यांची सलग रांग मानल्यामुळे पत्त्यात १ मिळविला की पुढच्या कोठ्याचा पत्ता येतो व अ‍ॅरेतील एखादा घटक काढणे म्हणजे आरंभीच्या पत्त्यात त्याचा अनुक्रमांक मिळविणे एवढेच उरते. घटकांची गणना शून्यापासून करण्याची सीमधील रूढी याच विचारातून आलेली आहे. ही कल्पना तिच्या साधेपणामुळे आजही मोहक वाटते. ज्या यंत्रांत पत्ता शब्दालाच दिलेला असतो, त्यांवर तिच्यात फारसे न्यूनही जाणवत नव्हते.

मल्टिक्स या मोठ्या प्रकल्पातून बेल लॅबोरेटरीज १९६९ मध्ये बाहेर पडल्यावर तेथील केन टॉम्पसन (१९४३– ) यांनी पीडीपी-७ या लहान यंत्रावर यूनिक्स कार्यप्रणालीची पहिली आवृत्ती रचली. या यंत्राची स्मृती अठरा बिटांच्या ८,१९२ शब्दांची होती. एवढ्या जागेत मावेल असे बीसीपीएलचे आणखी संक्षिप्त रूप त्यांनी तयार केले व त्यास बी हे नाव दिले. प्रकारांच्या बाबतीत बी ही बीसीपीएलप्रमाणेच होती. तिच्यातही शब्द हाच एकमेव प्रकार होता.

बाइटला पत्ता देणारे यंत्र : १९७० मध्ये या गटाला पीडीपी-११ हे नवे यंत्र मिळाले. त्याचा शब्द सोळा बिटांचा होता. परंतु पत्ता मात्र शब्दाला नसून प्रत्येक आठ बिटी बाइटला दिलेला होता. वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या या फरकाने प्रकारहीन भाषेचा पायाच डळमळला. डेनिस रिची (१९४१–२०११) यांनी पुढे लिहिलेल्या इतिहासात यासंबंधी तीन अडचणी नोंदविलेल्या आहेत.

पहिली अडचण वर्णांची. बीमध्ये वर्णपंक्तीतील वर्ण शब्दांत दाटीने भरून ठेवीत आणि त्यांवर क्रिया करताना ते सुटे करून एकेका कोठ्यात मांडून पुन्हा भरावे लागत. यंत्र स्वतःच एकेका बाइटपर्यंत पोहोचू शकत असता हा द्राविडी प्राणायाम निरर्थक होता. दुसरी अडचण अपूर्णांकांची. छत्तीस बिटांच्या शब्दाच्या मोठ्या यंत्रांवर बीसीपीएलमध्ये अशा संख्यांसाठी निराळी क्रियाचिन्हे जोडून काम भागविता आले होते, कारण तेथे एका शब्दात अशी संख्या मावत असे. सोळा बिटांत ती मावणे शक्य नव्हते. तिसरी अडचण पत्त्यांची व ती सर्वांत मूलगामी होती. बीमधील पत्ता म्हणजे शब्दाचा अनुक्रमांक. यंत्राला हवा असे तो बाइटचा पत्ता. त्यामुळे स्मृतीतील प्रत्येक वाचनाच्या वेळी दोनाने गुणण्याची क्रिया यंत्राकडून करवून घ्यावी लागे.

तिन्ही अडचणींचे निराकरण एकाच उपायाने होण्यासारखे होते. एखाद्या चलात काय आहे, निदान ते किती बाइट व्यापते, हे संकलकाला आधीच ठाऊक असले पाहिजे. रिची यांनी १९७१ मध्ये बी भाषेत वर्ण हा प्रकार घातला; मूळचा शब्द आता पूर्णांक झाला. कॅर व इंट या संक्षिप्त नावांनी हे प्रकार आज्ञावलीत घोषित करावयाचे असतात. ‘नवी बी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या मधल्या अवस्थेत अ‍ॅरे व दर्शक यांनाही प्रकार लाभले. दर्शक म्हणजे दुसऱ्या मूल्याचा पत्ता धारण करणारे मूल्य. तो कोणत्या प्रकारच्या मूल्याकडे निर्देश करतो हे घोषित केलेले असल्यामुळे त्यात १ मिळविला असता पत्ता खरोखर किती बाइटांनी वाढवावयाचा, हे संकलकच ठरवितो : वर्णाच्या दर्शकासाठी एकाने, सोळा बिटी पूर्णांकाच्या दर्शकासाठी दोनाने. बीसीपीएलमधील ‘पुढचा कोठा’ ही सोपी कल्पना अशा रीतीने असमान मापांच्या कोठ्यांतही टिकून राहिली. अर्थ क्रियाचिन्हाकडून चलाच्या नावाकडे सरकला तो या टप्प्यावर.

अ‍ॅरे व दर्शक यांचा संबंध : या भागात रिची यांच्या कल्पकतेचा खरा कस लागला. बीसीपीएल व बी यांमध्ये अ‍ॅरे घोषित केला की त्याच्या घटकांसाठी जागा राखली जाई व शिवाय आणखी एका कोठ्यात त्या जागेचा पत्ता लिहून ठेवला जाई. अ‍ॅरेचे नाव म्हणजे हा कोठा. रिची यांना पुढे निरनिराळ्या प्रकारांची मूल्ये एकत्र बांधणारी संरचना भाषेत आणावयाची होती. त्यांनी दिलेले उदाहरण यूनिक्समधील निर्देशिकेच्या नोंदीचे आहे. दोन बाइटांचा एक पूर्णांक व चौदा वर्णांचे फाइलचे नाव मिळून ही नोंद सोळा बाइटांची होती आणि चकतीवर ती नेमकी तशीच लिहिलेली असे. संरचनेतील वर्णांच्या अ‍ॅरेसाठी पत्त्याचा छुपा कोठा ठेवावा, तर चकतीवरील मांडणीशी ती जुळत नाही; न ठेवावा, तर जुन्या आज्ञावल्या चालत नाहीत.

यावर त्यांनी काढलेला मार्ग असा की, पत्ता कोठेही साठवावयाचा नाही. पदावलीत अ‍ॅरेचे नाव आले की, त्याच्या पहिल्या घटकाचा पत्ता त्याच क्षणी मूल्य म्हणून निर्माण करावयाचा. या नियमामुळे बीमधील बहुतेक जुने लेखन जसेच्या तसे चालू राहिले आणि संरचनेतील बाइट यंत्राच्या किंवा चकतीच्या मांडणीवर तंतोतंत बसू लागले. मात्र अ‍ॅरे दुसऱ्या आज्ञावली-भागाकडे सोपविला असता तेथे केवळ पहिल्या घटकाचा पत्ता पोहोचतो व अ‍ॅरेची लांबी वाटेतच गळून पडते. या त्रुटीचे दूरवरचे परिणाम त्या वेळी कोणाच्या ध्यानात येण्यासारखे नव्हते.

संरचना नसलेल्या अवस्थेतील सीमध्ये यूनिक्सचा गाभा लिहिण्याचा प्रयत्न टॉम्पसन यांनी १९७२ मध्ये करून पाहिला व सोडून दिला. संरचना आल्यानंतर १९७३ च्या उन्हाळ्यात तो गाभा सीमध्ये पुन्हा लिहून पूर्ण झाला. मूलभूत प्रकार एकत्र बांधण्याची सोय ही कार्यप्रणालीच्या लेखनात किती निर्णायक होती, हे यावरून दिसते. प्रकारांपासून नवे प्रकार रचण्याच्या या पद्धतीवर अल्गॉल ६८ या भाषेचा प्रभाव असल्याचे रिची यांनी मान्य केले आहे.

वर्णपंक्ती : सीमध्ये वर्णपंक्ती हा स्वतंत्र प्रकार नाही. ती वर्णांचा अ‍ॅरे असून तिचा शेवट शून्य मूल्याच्या बाइटने दर्शवितात. बीसीपीएलमध्ये पहिल्या बाइटात वर्णांची संख्या लिहीत. आठ बिटांत २५५ पर्यंतच संख्या मावत असल्याने पंक्तीची लांबी तेवढीच राही. ही मर्यादा टाळण्यासाठी, तसेच संख्या सांभाळत बसण्यापेक्षा शेवटी खूण करणे सोयीचे वाटल्यामुळे, बीमध्ये अंत्यचिन्हाची पद्धत आली व सीने ती शून्याच्या रूपाने चालू ठेवली.

लांबी कोठेच नोंदलेली नसल्याने येणाऱ्या वर्णांना पुरेशी जागा आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर पडली. २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर पसरलेल्या स्वयंप्रसारक आज्ञावलीने याच उणिवेचा एक मार्ग म्हणून उपयोग केला. दूरस्थ वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या एका सेवा-आज्ञावलीत ५१२ बाइटांची जागा राखलेली होती आणि येणारी ओळ सीच्या गेट्स या प्रमाण कार्याने वाचली जात असे. या कार्याला जागेचे माप सांगण्याची सोयच नाही. जागेपेक्षा लांब ओळ पाठविल्याने पलीकडची स्मृती बिघडवून त्या यंत्राचा ताबा घेता आला. गेट्स हे कार्य २०११ च्या प्रमाणात वगळण्यात आले. अशा प्रकारच्या दोषांचा शोध व दुरुस्ती मात्र त्यानंतरही चालू राहिली आहे.

पूर्णांकांची मापे : सीमधील पूर्णांकाला ठराविक माप नाही. यंत्राला जे सोयीचे ते माप इंट या प्रकाराने घ्यावे, असा संकेत होता. सी एकाच यंत्रावर होती तोवर यात काही बिघडले नाही. १९७७ च्या सुमारास रिची व स्टीव्ह जॉन्सन यांनी यूनिक्स इंटरडेटा ८/३२ या बत्तीस बिटी यंत्रावर नेण्याचे काम हाती घेतले, तेव्हा बीच्या काळातील सवयी आड आल्या. पूर्णांक व दर्शक परस्परांच्या जागी सर्रास वापरलेले असत आणि त्या दोहोंचे माप सारखेच असणार, असे गृहीत धरलेले असे. अशा शिथिल जागा दाखवून देणारी लिंट नावाची तपासणी-आज्ञावली जॉन्सन यांनी तयार केली. याच काळात चिन्हरहित पूर्णांक, लांब पूर्णांक इ. भेद भाषेत आले.

ब्रायन कर्निहॅन (१९४२– ) व रिची यांच्या १९७८ च्या पाठ्यपुस्तकात चार यंत्रांवरील मापांचे एक कोष्टक आहे. त्यानुसार वर्ण पीडीपी-११ वर आठ बिटांचा, तर हनीवेल ६००० वर नऊ बिटांचा आहे; पूर्णांक पहिल्यावर सोळा, दुसऱ्यावर छत्तीस आणि आयबीएम ३७० व इंटरडेटा ८/३२ या यंत्रांवर बत्तीस बिटांचा आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या समितीने तयार केलेले अमेरिकन प्रमाण १९८९ मध्ये संमत झाले व १९९० मध्ये ते आंतरराष्ट्रीय प्रमाण बनले. त्यानेही नेमकी मापे न ठरविता केवळ किमान मर्यादा घातल्या : वर्ण निदान आठ, पूर्णांक निदान सोळा व लांब पूर्णांक निदान बत्तीस बिटांचा असावा. नेमक्या मापाच्या पूर्णांकांना नावे मिळाली ती १९९९ च्या प्रमाणात. चौसष्ट बिटी यंत्रे रूढ झाल्यावरही यूनिक्स परंपरेतील प्रणालींत लांब पूर्णांक चौसष्ट बिटांचा, तर विंडोजमध्ये बत्तीस बिटांचा राहिला.

सत्यमूल्यांचा स्वतंत्र प्रकार मुळात नव्हता. शून्य म्हणजे असत्य व शून्येतर ते सर्व सत्य. तो प्रकारही १९९९ मध्येच आला.

माप गृहीत धरण्याचे एक उदाहरण कालगणनेचे आहे. यूनिक्समध्ये काळ हा १ जानेवारी १९७० च्या आरंभापासून लोटलेल्या सेकंदांच्या संख्येने मोजतात आणि ही संख्या दीर्घकाळ चिन्हयुक्त बत्तीस बिटी पूर्णांकात साठविली जात असे. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ ही आहे. १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय प्रमाणवेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ही संख्या गाठली जाईल व पुढच्या सेकंदाला तो पूर्णांक ऋण बनून १९०१ मधील तारीख दाखवील. लिनक्सच्या गाभ्यात बत्तीस बिटी यंत्रांसाठीही चौसष्ट बिटी काळाची सोय २०२० मध्ये पूर्ण झाली. परंतु उद्योगधंद्यांतील उपकरणांत बसविलेल्या जुन्या आज्ञावल्यांचा प्रश्न त्याने आपोआप सुटत नाही.

वर्ण व देवनागरी लिपी : सीमधील वर्ण हा नावाने वर्ण असला, तरी वस्तुतः तो एक लहान पूर्णांक आहे. त्यात बेरीज-वजाबाकी करता येते. इतकेच नव्हे, तर तो चिन्हयुक्त मानावा की चिन्हरहित, हेही प्रमाणाने संकलकावर सोपविलेले आहे. पीडीपी-११ वर बाइट शब्दात घेताना त्याचे चिन्ह विस्तारले जात असे. त्यामुळे १२७ पुढील मूल्ये तेथे ऋण होत. रोमन अक्षरे १२७ च्या आत असल्याने अमेरिकेत याची झळ फारशी लागली नाही. काही आज्ञावल्यांनी तर रिकामा राहिलेला आठवा बिट स्वतःच्या खुणांसाठी वापरला होता.

भारतीय लिप्यांना मात्र नेमका हाच भाग नेमून देण्यात आला. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये स्वीकारलेल्या इस्की या आठ बिटी संकेतात रोमन अक्षरे पूर्ववत ठेवून भारतीय वर्ण १६१ पासून पुढे मांडले आहेत. पुणे येथील प्रगत संगणन विकास केंद्राच्या जिस्ट या तंत्राने हा संकेत प्रचारात आणला. वर्ण चिन्हयुक्त मानणाऱ्या संकलकावर अशा लेखनातील प्रत्येक देवनागरी वर्ण ऋण संख्या ठरतो. त्याचा उपयोग करून एखाद्या कोष्टकात पाहू गेल्यास यंत्र कोष्टकाच्या आरंभापूर्वीची स्मृती वाचते. मजकूर रोमन असताना वर्षानुवर्षे बिनचूक चाललेली आज्ञावली मराठी मजकुराशी गाठ पडताच का कोसळते, याचे एक कारण हे आहे.

जगातील सर्व लिप्यांसाठी १९९१ मध्ये आलेल्या युनिकोड संकेतात वर्णांची संख्या एका बाइटात मावणे शक्यच नव्हते. त्यातील देवनागरीचा क्रम इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावर आधारलेला आहे. या संकेताच्या सोळा बिटी रूपात प्रत्येक रोमन अक्षराबरोबर एक शून्य बाइट येतो आणि सीच्या दृष्टीने शून्य म्हणजे पंक्तीचा शेवट. यावर टॉम्पसन यांनीच रॉब पाइक यांच्यासमवेत सप्टेंबर १९९२ मध्ये यूटीएफ-८ हा तोडगा काढला. त्यात रोमन अक्षरे पूर्वीप्रमाणे एका बाइटाची राहतात, इतर वर्णांना दोन ते चार बाइट लागतात आणि कोणत्याही वर्णात मध्येच शून्य बाइट येत नाही. बीच्या काळात स्वीकारलेली अंत्यचिन्हाची पद्धत त्यामुळे अबाधित राहिली.

देवनागरीतील प्रत्येक संकेतांक या पद्धतीत तीन बाइट घेतो. ‘मराठी’ हा शब्द वाचकाला तीन अक्षरांचा दिसतो. युनिकोडमध्ये काना व वेलांटी वेगळ्या धरून तो पाच संकेतांकांचा होतो आणि सीमधील लांबी मोजणारे प्रमाण कार्य त्याचे उत्तर पंधरा असे देते. ‘क्षि’ या एका अक्षरास चार संकेतांक व बारा बाइट लागतात. १९८९ च्या प्रमाणातील रुंद वर्ण व २०११ च्या प्रमाणातील सोळा व बत्तीस बिटी वर्ण यांमुळे संकेतांक एकेका कोठ्यात ठेवता येतात, तथापि अक्षर ही वाचकाची कल्पना सीच्या कोणत्याही मूलभूत प्रकारात बसत नाही. जोडाक्षर कोठे सुरू होते व कोठे संपते, हे ठरविण्याचे नियम भाषेबाहेरील स्वतंत्र आज्ञावली-संग्रहांतून घ्यावे लागतात.